दोन खोऱ्यांतलं एकच मडकं

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास सुमती मेश्रामने कागदाचे दोन कातरलेले तुकडे टेबलावर एकमेकांकडे सरकवले आणि ते बसले. जवळपास बसले असं नाही, तंतोतंत बसले. एकाचा जिथे दात पुढे आला होता, तिथे दुसऱ्याला तेवढीच खाच होती. सुमतीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तुकडे कागदाचे होते, पण त्यांवरची चित्रं खापरांची होती. एकावर लिहिलं होतं उ-३१७, दुसऱ्यावर द-४४. उ म्हणजे उत्तरेचं खोरं, द म्हणजे दक्षिणेचं. दोन्ही खोरी नागपूरपासून हजारो कोसांवर, पेरू देशाच्या किनाऱ्याला. डोंगरातून उतरून समुद्राला मिळणाऱ्या दोन नद्या, त्यांच्या काठाने हिरव्या शेतीचे दोन पट्टे, आणि मध्ये पायी दोन दिवस लागतील एवढं कोरडंठाक वाळवंट. मडकं फुटलं, तोंडाचा अर्धा काठ या खोऱ्यात राहिला आणि अर्धा वाळवंट ओलांडून त्या खोऱ्यात जाऊन पडला, असं होत नसतं.

तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काठाच्या खाली, ओल्या मातीवरून कुणीतरी फिरवलेल्या चिंधीच्या तीन बारीक रेघा होत्या. मधली रेघ थोडी थरथरून खाली उतरली होती. ती उ-३१७ च्या फुटलेल्या कडेशी तुटत होती आणि द-४४ वर तिथूनच पुढे चालू होत होती.

सुमतीचं वय अठ्ठावन्न. राहायला नागपूरच्या इंदोऱ्यात, दोन खोल्या आणि गच्चीवर जाणारा जिना. चित्रकलेचा शिक्षकी डिप्लोमा करून ती ऐन पंचविशीत उत्खननाच्या कामाला लागली, ती खापरं काढायला. काढायला म्हणजे जमिनीतून नव्हे, कागदावर. मधोमध एक उभी रेघ. डावीकडे खापर मधून कापलं तर दिसेल तशी त्याची जाडी, काळ्या शाईने भरलेली. उजवीकडे त्याचं बाहेरचं रूप. तेहतीस वर्षं तिने हेच केलं. कन्हानच्या काठचं, वैनगंगेच्या काठचं, जिथे जिथे पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, खणली गेली तिथलं मडकं तिच्या हाताखालून गेलं. नोकरी कधी कायम झाली नाही. दर हंगामाला नवा कागद, नवी सही. अहवालांत आकृत्या छापल्या गेल्या, आकृत्यांखाली तिचं नाव कधी आलं नाही. हात मात्र असा बसला होता की काठाचा बोटभर तुकडा पाहून ती अख्ख्या भांड्याचं तोंड किती इंच असेल ते सांगायची, आणि मोजल्यावर फार तर एका सुताचा फरक निघायचा.

पेरूचं काम तिला गार्गी साठवणेमुळे मिळालं. गार्गी नागपूरचीच, गांधीबागेतल्या कापडवाल्याची मुलगी. एम.ए.ला असताना ती सुमतीच्या शेजारी सतरंजीवर बसून खापरं धुवायला शिकली होती. आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात ती पीएच.डी. करत होती आणि प्रबंधाची पाचशेच्या वर रेखाटनं शाईत करायला तिने आपल्या जुन्या सुमतीताईंना शोधून काढलं होतं. ती फोटो आणि पेन्सिलीची कच्ची चित्रं पाठवायची, सुमती ती ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवून स्कॅन करायची.

गार्गीचा विषय सुमतीला आवडला होता. काळ एकच, समुद्र एकच, पण या दोन खोऱ्यांतली माणसं राहायची वेगवेगळी. उत्तरेत शेताच्या कडेकडेने विखुरलेली घरं, इथे तीन, तिथे चार, कुठे तट नाही की वेस नाही. त्यांची मडकी थापून केलेली: आत दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने ठोकायचं. फोटोतले आतल्या बाजूचे उथळ खळगे पाहून सुमती हसली होती. आपल्याकडचा कुंभार रांजण असाच तर थापतो. दक्षिणेत मात्र अख्खं गाव एका टेकडीच्या उतारावर, पायऱ्या पायऱ्यांवर दाटलेलं, भोवती दगडी भिंत, आत शिरायला एकच दार. तिथली मडकी साच्यातली: दोन अर्ध्या बाजू दाबून घ्यायच्या आणि जोडायच्या, आत बोट फिरवलं तर सांधा लागतो.

आणि या दक्षिणेच्या गावात, दाराला लागून असलेल्या चार खोल्यांत, गार्गीला थापलेल्या मडक्यांची त्रेसष्ट खापरं सापडली होती. सगळी उत्तरेच्या धाटणीची. त्यावर तिने चौथं प्रकरण उभं केलं होतं. उत्तरेतली काही कुटुंबं इथे येऊन राहिली. गावाने त्यांना आत घेतलं, पण दाराशीच ठेवलं. त्यांनीही आपली मडकी आपल्याच रीतीने केली. या प्रकरणावर गार्गीचं एका परिषदेत भाषण झालं होतं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्याच जोरावर तिला एका नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं.

ते प्रकरण सुमतीने तीनदा वाचलं होतं. परक्या गावाच्या दाराशी बसून, आईने शिकवलं तसं मडकं थापणारी एखादी बाई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहायची. गावाच्या कडेला ठेवलेल्या लोकांचं असणं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिच्या आजोबांनी धर्म बदलला तो छप्पन्न साली, आणि त्याआधीची वस्ती गावकुसाबाहेर कुठे होती ते ती बोटाने दाखवू शकली असती.

म्हणून आता ते दोन तुकडे जुळताना पाहून तिने ते पुन्हा वेगळे केले. दक्षिणेचं द-४४ त्या त्रेसष्टांतलंच होतं. ते जर उत्तरेच्या मडक्याचा भाग असेल, तर ते दक्षिणेत कधी सापडलंच नव्हतं. खापर कुठलं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्यांची कुठेतरी अदलाबदल झाली होती.

एक तुकडा जुळतो तो योगायोगही असू शकेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मंगळवारची दुपार आणि अख्खा बुधवार तिने त्रेसष्ट चित्रं एकाच मापात छापून कातरण्यात घालवला. उत्तरेच्या चारशे चित्रांतून सारख्या जाडीचे, सारख्या तोंडाचे काठ वेगळे केले. बुधवारी संध्याकाळपर्यंत आणखी चार जोड्या लागल्या.

"काय वं, जेवत काहून नाही?" जितेंद्रने विचारलं. तिचा नवरा कन्हानच्या खाणीतल्या भांडारातून निवृत्त झाला होता. मोजूनमापून बोलणारा माणूस.

"भूक नाही."

"काल बी हेच म्हणे. काय झालं ते सांग ना."

तिने सांगितलं. त्याने कागदाचे तुकडे हातात घेतले, जुळवले, परत ठेवले.

"पोरगी प्रबंध कधी देऊन राहिली?"

"अठरा दिवसांनी."

"आन् तू आता सांगशील हे?" त्याने तुकडे बोटाने तिच्याकडे सरकवले. "हे पाय सुमती, तुले शाई भरायले सांगितलं. तू शाई भर. तिथं तिचे मोठमोठे प्रोफेसर बसून राहिले, त्याईले दिसलं नाही. तूच काहून पोरीच्या पायावर धोंडा पाडते?"

"त्यांनी जोडून पाह्यलंच नाही जी. दोन खोऱ्यांतली खापरं एकमेकांले जोडून कोण पाह्यते?"

"मंग तू बी नको पाहू."

जितेंद्रला एक गोष्ट माहीत नव्हती. चिठ्ठ्या कशा बदलतात आणि बदलल्यावर माणूस कसा गप्प बसतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी सहाला तिने गार्गीला फोन लावला. तिकडे दुपार होती. गार्गी पहिल्यांदा हसत बोलली, मग नुसती हं हं करू लागली, आणि मग अगदी शांत झाली.

"फोटोंवरून जोड्या लावल्या तुम्ही?" तिने विचारलं.

"पाच लागल्या. तू पेरूतल्या कोठारात सांग, खरी खापरं काढून लावून पाहायला."

"सुमतीताई, फोटोत कड नीट दिसत नाही. एकाच माणसाने दोन्ही मडकी केली असतील. उत्तरेतून माणसं आलीच होती ना? तेच तर माझं म्हणणं आहे."

"माणूस एक असू शकते. पण मडकं फुटताना कड एक कशी होईल? रेघ एका खापरावर तुटते आन् दुसऱ्यावर पुढे जाते."

"तुम्ही शाई भरायला आहात, ताई," गार्गी म्हणाली. "निष्कर्ष काढायला नाही."

गार्गीलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"असं कसं होईल? प्रत्येक ट्रेला चिठ्ठी असते," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाज चढला. "चिठ्ठ्या काय हवेने उडतात?"

"उडतात," सुमती म्हणाली. "मी उडवली आहे."

तीस वर्षांत ती हे वाक्य पहिल्यांदा बोलत होती. सुरू झाल्यावर मात्र ती थांबली नाही. पंचाण्णव सालचा जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस. कन्हानच्या काठाला दोन जुन्या वस्त्यांचं खोदकाम एकदमच चाललं होतं, एक नदीला लागून, एक तीन कोस आत, नाल्यावर. दोन्हींकडची खापरं एकाच अंगणात धुवायला यायची. बाकीचे जेवायला गेले होते, सुमती एकटी राखणीला. कुठून तरी एक वासरू शिरलं. तिने ते हाकललं तोवर दोन टोपल्या उपड्या झाल्या होत्या आणि सुतळीने बांधलेल्या चिठ्ठ्या मातीत पडल्या होत्या. खापरं दोन ढिगांत वेगळी होती, पण कोणता ढीग कुठला ते तिला सांगता येईना. तिने अंदाजाने चिठ्ठ्या बांधल्या. आठवड्याने चित्रं काढायला बसली तेव्हा आधीच्या चित्रांशी ताडून तिला कळलं की अंदाज चुकला. नाल्यावरचं सगळं तकतकीत काळं-तांबडं भांडं नदीकाठच्या नावावर गेलं होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"त्या कामावर आमच्या वस्तीतली मी एकटी होती, गार्गी. आन् बाईमाणूस. माझी चूक माझी एकटीची नसती राह्यली. ह्या लोकांना ठेवलं की असंच होते, असं म्हटलं असतं. पुढच्या हंगामाचा कागद यायचा होता." ती थांबली. "हे कारण खरं आहे. पण कारण खरं असलं म्हणून गप्प राहणं बरोबर होत नाही. नंतर तर कारण बी राह्यलं नव्हतं. तरी मी गप्पच."

गार्गी थंड आवाजात म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही कुणाला सांगितलं नाही. आणि मी सतरा दिवसांत माझं प्रकरण फाडून टाकावं. काहून? आधी तुमचं तुम्ही सांगा ना जाऊन."

आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. गार्गीचा निरोप नाही, नवी चित्रं नाहीत. सुमती टेबलाशी बसायची आणि उठायची. रागाने म्हटलेलं असलं तरी पोरीचं बोलणं खोटं नव्हतं, हेच टोचत होतं. रविवारी सकाळी तिने आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली आणि जितेंद्रला म्हणाली, "अजी, मी महालात जाऊन येते. पांढरीपांडे सरांकडे."

मधुसूदन पांढरीपांडे त्या कन्हानच्या उत्खननाचे प्रमुख होते. आता ब्याऐंशीचे. महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या एका अरुंद गल्लीत, नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहत होते. रविवार असूनही गल्लीत गाड्यांची दाटी होती. एक स्कूटर तिच्या पदराला घासून गेली तरी तिला कळलं नाही. जिना चढताना ती दोनदा थांबली. खाली परतून जावं, असं दोन्ही वेळा वाटलं.

दार त्यांच्या सुनेने, रीनाने उघडलं. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंग आटलं होतं, नजर तशीच होती.

"मेश्रामबाई! या. किती वर्षांनी?"

सुमती बसली नाही. उभ्यानेच सांगायला लागली. संक्रांतीचा दुसरा दिवस, वासरू, टोपल्या, चिठ्ठ्या. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "खड्डा कोणता?"

"नदीकाठचा चौथा, सर. वरून दुसरा थर. आणि नाल्यावरचा पहिला."

सरांनी डोळे मिटले. ते मनातल्या मनात पानं उलटताहेत, हे तिला दिसत होतं.

"त्या थरावरून मी म्हटलं होतं की नदीकाठची माणसं श्रीमंत होती," ते डोळे न उघडता म्हणाले. "तीन कोसांत एवढा फरक. लेख लिहिला. एका मित्राने पुण्याच्या सभेत उठून सांगितलं, मधू, हे शक्य नाही, तुझं कुठेतरी चुकतंय. मी त्याला सगळ्यांदेखत काय काय बोललो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. चोवीस वर्षं." त्यांनी डोळे उघडले. "चार वर्षांपूर्वी तो गेला. त्याचं बरोबर होतं."

सुमतीला हातांचं काय करावं ते सुचेना. माफ करा म्हणावं, तर तो शब्द या खोलीत फार हलका वाटला असता.

स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला. "रीना, चहा नको," सर मोठ्याने म्हणाले. आवाज थांबला.

"तुम्ही इथे का आलात आज?"

तिने गार्गीचं सगळं सांगितलं. दोन खोरी, त्रेसष्ट खापरं, पाच जोड्या. सांगता सांगता तिने पिशवीतून कागदाचे तुकडे काढून त्यांच्यापुढे धरले. सरांनी भिंग मागवलं. उ-३१७ आणि द-४४ त्यांनी मांडीवरच्या पुठ्ठ्यावर जुळवले आणि वाकून पाहत राहिले. त्या थरथरलेल्या रेघेवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"एकच आहे," ते म्हणाले. मग, "ते वरचं फडताळ उघडा. हिरवा पुठ्ठा. माझा हात पोहोचत नाही."

तो कन्हानचा अहवाल होता. सरांनी तिला खुर्ची ओढायला सांगितली, कोरा कागद दिला आणि सांगू लागले. शुद्धिपत्र. अमुक खड्डा, अमुक थर, आकृती बावीस ते सव्वीस, या खापरांचं मूळ ठिकाण उलट समजावं. सुमती वळणदार अक्षरात लिहीत गेली.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल रेखाटनकार, पुढे नाव लिहा, यांच्या हातून झाली."

तिचं पेन थांबलं. "माझं नाव, सर?"

"मग कुणाचं? टोपल्या मी सांडल्या?" सर कडाडले. सुनेने आतून डोकावून पाहिलं. थोड्या वेळाने ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढे लिहा. प्रत्येक टोपली माझ्या नोंदवहीशी ताडून पाहणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही. नदीकाठचं भांडं भारी निघावं अशी माझी इच्छा होती, ते तसं निघालं, म्हणून मी पुन्हा पाहिलं नाही. खाली माझी सही."

सही करून कागद तिच्याकडे देत ते म्हणाले, "विभागाच्या पत्रिकेला मी पाठवतो. तुम्ही एक फोटो काढून घ्या. पुन्हा येऊ नका असं म्हणत नाही मी. पण आज जा."

खाली उतरल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. हलकं हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. मेलेल्या एका माणसाचं नावही तिने विचारलं नव्हतं, आणि तो आता तिच्यासोबत घरी येणार होता.

त्या कागदाचा फोटो तिने गार्गीला पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर मंगळवारी आलं, तेही फोनवर. गार्गीचा आवाज घोगरा होता.

"ताई, पहिल्या वर्षी पेरूत हलका भूकंप झाला होता. तिकडे असे धक्के नेहमीचेच. कोठारातली एक मांडणी कलंडली, दोन्ही खोऱ्यांचे ट्रे खाली आले. सगळे बाहेर पळाले होते. परत आत जाऊन ट्रे मीच उचलले, चिठ्ठ्या मीच लावल्या." ती थांबली. "तुम्ही जोड्यांचं सांगितलं ना, तेव्हाच मला तो दिवस आठवला. म्हणून मी तशी बोलले."

"आता?"

"कोठार सांभाळणाऱ्या बाईंना निरोप दिलाय. उद्या तुमच्या संध्याकाळी साडेसातला त्या पेट्या उघडतील. तुम्ही फोनवर असाल का? मला एकटीला बघवणार नाही."

बुधवारी साडेसातला जितेंद्रनेही खुर्ची ओढून घेतली. पडद्यावर एका चौकोनात गार्गी, दुसऱ्यात पांढऱ्या दिव्याखालचं लांब टेबल आणि एका थोराड बाईचे हात. चेहरा दिसत नव्हता. गार्गी स्पॅनिशमध्ये आकडा सांगायची, ते हात पिशवी उघडून खापर काढायचे. पहिली पिशवी चुकीची निघाली. दुसरीची चिठ्ठी भिजून पुसट झाली होती, ती दिव्यापाशी धरून वाचायला दोन मिनिटं गेली. आपण चुकलो असू दे, असं तिला त्या दोन मिनिटांत मनापासून वाटलं. आपली नजर म्हातारी झाली असू दे, दाराशी राहणारी ती बाई खरी असू दे.

हातांनी उ-३१७ डावीकडे ठेवलं, द-४४ उजवीकडे. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दोन्ही उचलून हळूच एकमेकांना लावलं आणि उजव्या हाताने धरलेलं खापर सोडून दिलं. ते पडलं नाही. नुसत्या कडेच्या जोरावर दुसऱ्यात अडकून राहिलं.

कोठारातली बाई काहीतरी एकच शब्द बोलली. गार्गीने तोंडावर हात धरला.

"बसलं वं," जितेंद्र पुटपुटला.

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी ते टेबल आणि ते हात. त्रेसष्टांपैकी अठ्ठावन्न खापरं उत्तरेची ठरली. काहींच्या जोड्या मिळाल्या, काहींच्या भेगांत उत्तरेच्या शेतातली चिकट काळी माती होती, दक्षिणेच्या टेकडीवरची रेताड नव्हती. पाच उरली. चौथं प्रकरण गेलं. प्रबंध सात महिने लांबला. मुलाखतीला गार्गीने जाऊन खरं ते सांगितलं आणि ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. परिषदेच्या लोकांना तिने पत्र लिहिलं. दोघांनी कौतुकाचं उत्तर दिलं, बाकीच्यांनी दिलंच नाही.

विभागाची पत्रिका दिवाळीनंतर आली. शेवटच्या पानावर, लहान टायपात, ते शुद्धिपत्र होतं. जितेंद्रने ते मोठ्याने वाचलं आणि नावापाशी अडखळला. "एवढ्या वर्षांत तुयं नाव पह्यल्यांदा छापलं," तो म्हणाला, "अन् ते बी असं." सुमतीने पत्रिका त्याच्या हातून घेतली, नावातली वेलांटी बरोबर आहे ना ते पाहिलं आणि कपाटात ठेवली. पांढरीपांडे सरांकडे ती संक्रांतीच्या आधी एकदा जाऊन आली. त्यांनी चहा करायला सांगितला. त्या मित्राचं नाव तिने विचारलं, त्यांनी सांगितलं.

गार्गी जानेवारीत नागपूरला आली आणि दुसऱ्याच दिवशी इंदोऱ्यात आली. जरा वाळली होती. खुर्चीच्या कडेवर बसली, पाण्याचा पेला हातात फिरवत राहिली.

"मी तुम्हाला जे म्हटलं ना ताई, शाई भरायला आहात म्हणून..."

"म्हटलं तू. मले लागलं बी."

"मला माफ करता येईल?"

"जेवून जा," सुमती म्हणाली. "वांग्याचं भरीत केलं आहे. माफीचं होईल हळूहळू."

जेवताना गार्गीने मान वर न करता विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं, तर कधी कुणाला कळलं असतं?"

"कोणालेच नाही," सुमती म्हणाली. "मी खूप इचार केला त्याचा. कोणालेच कळलं नसतं."

गार्गीने मान हलवली. मग हात धुऊन गार्गीने पिशवीतून लॅपटॉप काढला.

"ती पाच राहिली आहेत," ती म्हणाली. "पाच खापरांवर प्रकरण उभं राहत नाही. तळटीपसुद्धा जेमतेम. पण ती त्या चार खोल्यांतलीच आहेत, माती तिथलीच. आणि थापलेली आहेत."

सुमतीने चष्मा लावला. पहिला फोटो पडद्यावर आला: आतली बाजू, उथळ खळगे, कडेला काजळी. ती पुढे वाकली, मग आणखी पुढे.

"हे उत्तरेचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थापलेलं आहे, पण हे खळगे पाह्य. तिथले मोठे राहतात, एकावर एक. हे बारीक आहेत. गोळा लहान होता, नाहीतर हात लहान होता. आन् माती कोणती आहे म्हणे?"

"टेकडीची. तिथलीच."

उत्तरेतून आणलेलं नव्हे, टेकडीच्याच मातीचं मडकं दाराशी बसून थापणारी ती बाई सुमतीला पुन्हा दिसली. गार्गीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि तिने ते मुद्दाम दाबलं, हे सुमतीने पाहिलं.

"आत्ता काही म्हणू नको," सुमती म्हणाली. "आधी कोठारातल्या बाईले सांग, पाचही खापरं वेगवेगळ्या उजेडात काढून पाठव म्हणा. पिशवीवरची चिठ्ठी बी फोटोत दिसली पाहिजे. घाई नाही."